ईस्टरला मुलांसाठी चॉकलेटची अंडी घालून केक करायचा आहे, पण अमळनेरच्या उन्हात तो जमेल का?

तुम्ही लिहिलंय की संडे स्कूलच्या पंचवीस मुलांसाठी करायचंय, आणि मागच्या वेळी साखरेचं रंगीत कवच असलेली अंडी केकच्या मिश्रणातच टाकली तर ती तडकली, रंगही उडाला. मी भुसावळची. रेल्वे कॉलनीत वाढले आणि लग्नानंतरही इथेच आहे, त्यामुळे ईस्टर आणि ऊन दोन्ही एकदम येण्याची सवय आहे.

पहिली गोष्ट, अख्खी अंडी ओव्हनमध्ये घालूच नका. चॉकलेटमधलं कोको बटर ३२ ते ३४ अंशांनाच वितळतं आणि ओव्हन असतो १८० वर. आतलं चॉकलेट फुगतं, साखरेचं कवच ताणलं जात नाही, म्हणून ते तडकतं. केक बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा आणि मग अंडी अर्धी आत जातील इतकी हलक्या हाताने दाबा. केकच्या उबेने ती बसतात आणि रंग तसाच राहतो. केकच्या आतही हवीच असतील, तर थोडी अंडी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, स्वच्छ फडक्यात बांधून लाटण्याने फोडा, तुकड्यांना चमचाभर मैदा चोळा आणि मिश्रणात अगदी शेवटी घाला.

केक केळीचाच करा. रावेर-यावलची केळी हाताशी असताना दुसरं काही शोधायची गरज नाही. साल काळी पडलेली तीन केळी कुस्करायची, त्यात २ अंडी (कोंबडीची!), १०० ग्रॅम साखर, १०० मिली तेल, २०० ग्रॅम मैदा, एक चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला.

पण आपल्याकडे खरा त्रास ओव्हनचा नाही, कूलरचा आहे. एका वर्षी मी शनिवारी रात्री अंडी ताटात मांडून कूलरसमोर ठेवली, गार राहतील म्हणून. सकाळी कवचं चिकट झालेली, गुलाबी रंग पिवळ्याला लागलेला. मुलांना ती अंडी देताना मला फार वाईट वाटलं. बाहेरची हवा कोरडी असली तरी कूलर खोलीत ओल भरतो आणि साखर ती ओढून घेते. म्हणून अंडी घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. ईस्टरच्या पहाटे उपासनेला निघण्याआधी डबा बाहेर काढा, वीसेक मिनिटं न उघडता तसाच राहू द्या, म्हणजे अंड्यांवर दव धरत नाही. मग सजवा. दुपारी हे काम काढूच नका.

तारीखही बघा. २०२४ ला ईस्टर ३१ मार्चला होता, २०२५ ला २० एप्रिलला. आपल्याकडे या वीस दिवसांत पारा कुठल्या कुठे जातो. ईस्टर उशिरा असेल तर मी केक बाजूला ठेवते आणि शेवयांची घरटी करते. कुरडया-शेवयांचे दिवस असतातच. बारीक शेवया १०० ग्रॅम, चमचाभर तुपात मंद आचेवर चांगल्या बदामी आणि कुरकुरीत होईपर्यंत भाजायच्या. जाड हाताच्या शेवया नकोत, दाताला लागतात. १५० ग्रॅम कंपाउंड चॉकलेट पातेल्यातल्या गरम पाण्यावर वाटी धरून वितळवायचं आणि शेवया त्यात घोळवायच्या. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं, ते उन्हात जरा जास्त तग धरतं. एरवी मी ते वापरत नाही, चव कमी पडते, पण इथे तेच हवं. कागदी वाट्यांत घालून मध्ये बोटाने खळगा करा आणि फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. एवढ्यात बारा होतात.

घरट्यात ठेवायला चॉकलेटची अंडी मिळालीच नाहीत, तर जेम्सच्या गोळ्या चालतात, त्यांनाही साखरेचंच कवच असतं. पण मला विचाराल तर काजूची अंडी करा. वसई, मुंबई, गोव्याकडे ईस्टरला मार्झिपानची अंडी करतात, तीच ही. काजूची बारीक पूड आणि तेवढीच पिठीसाखर थेंब थेंब गुलाबपाण्याने मळायची, रंग घालायचा आणि हातानेच आकार द्यायचा. ही वितळत नाहीत.

चांदीच्या कागदातली मोठी पोकळ अंडी केकवर लावू नका, टेकली तरी पिचतात. ती हातात द्यायलाच बरी.

आणि मुलांना अंडं का, हे नक्की सांगा. पूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही थांबत नसत. साठलेली अंडी मग ईस्टरला निघत. रिकाम्या कबरेशी त्याचा संबंध तुम्ही माझ्यापेक्षा चांगला समजावाल.

पंचवीस मुलांना प्रत्येकी एक घरटं आणि तीन अंडी धरली तर ७५ लागतील. दहा-पंधरा जास्तीची ठेवा, धाकटी भावंडं सोबत येतातच.