एकदिवसीय विश्वचषकात धावांचा पाठलाग करतानाची सर्वोत्तम खेळी कोणती?

माझ्या मते ग्लेन मॅक्सवेलच्या नाबाद २०१, ७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, अफगाणिस्तानविरुद्ध. लक्ष्य २९२ आणि १९व्या षटकात ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. तिथून पॅट कमिन्ससोबत अखंड २०२ धावांची भागीदारी झाली. त्यात कमिन्सच्या धावा किती, तर ६८ चेंडूंत १२! मॅक्सवेलने १२८ चेंडूंत २१ चौकार आणि १० षटकार मारले. एकदिवसीय सामन्यात दुसऱ्या डावात झालेलं हे पहिलं द्विशतक, आणि सलामीला न आलेल्या फलंदाजाचंही पहिलंच. तो खेळायला आला तेव्हा अझमतुल्लाह ओमरझाई हॅट्ट्रिकवर होता, हेही विसरू नका.

खरी गंमत तंत्रात आहे. पायांत गोळे आल्यामुळे त्याला धावणं जवळजवळ अशक्य झालं. मग पाय रोवून जागेवर उभं राहायचं आणि फक्त हात व मनगटांच्या जोरावर फटके मारायचे, एवढाच मार्ग उरला. पुस्तकी फलंदाजीत हे बसत नाही, पण संध्याकाळी सुरुवातीला हवेत वळणारा (स्विंग होणारा) चेंडू तोवर सरळ येऊ लागला होता, म्हणून जमलं. मुजीबच्या ४७व्या षटकात ६, ६, ४, ६ मारून १९ चेंडू राखून सामना खलास.

एक मात्र मान्य करावं लागेल: ३३ धावांवर असताना नूर अहमदच्या चेंडूवर मुजीबने त्याचा अगदी सोपा झेल सोडला. शिवाय हा साखळी सामना होता. फक्त बाद फेरीच धरणार असाल तर उत्तर बदलेल.