वीस रुपयांचं ब्रोकरेज आणि बारा लाखांचं टॉप-अप

प्रश्न : वय ३९, खासगी नोकरी, पगार हातात ८२ हजार. काही वर्षांपासून एका लहान ऑनलाइन ब्रोकरकडे खातं आहे. पूर्वी डिलिव्हरी (शेअर विकत घेऊन ठेवणं) फुकट होती, आता तिथेही पैसे घेतात. ऑर्डरला २० रुपये आहेतच. हा ब्रोकर गाशा गुंडाळणार अशी चर्चा ऐकतो. दुसरा एक ब्रोकर ऑर्डरला १० रुपये आणि थेट एक्सचेंजला जोडलेलं वेगवान टर्मिनल देतोय. माझ्या दिवसाला साधारण १० ऑर्डर होतात, बहुतेक ऑप्शनच्या. महिना ४ हजार भरून एक अल्गो, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्रॅमही घेतलाय. ते विकणारे महिन्याला ३ टक्के परतावा सांगतात. ट्रेडिंगसाठी १४ महिन्यांपूर्वी गृहकर्जावर १२ लाखांचं टॉप-अप घेतलं (९ टक्के, १५ वर्षं). त्यातले ७.४ लाख खात्यात आहेत, बाकीची शिकण्याची फी समजतो. खातं हलवू का? जुना ब्रोकर टिकेल का?

उत्तर : विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे.

ब्रोकर बंद पडला म्हणून शेअर बुडत नाहीत. ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीकडे, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे, तुमच्या नावावर असतात. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंट बहुतेक लोक न उघडता डिलीट करतात. तुम्ही ते उघडा आणि ब्रोकरच्या ॲपमधल्या होल्डिंगशी ताडून पाहा. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर बँकांकडे गहाण टाकल्याचं उघड झालं, त्यानंतर सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियंत्रकाने, नियम बरेच आवळले. सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी (सौद्याच्या हमीपोटी) दिलेले शेअरही तुमच्याच डिमॅटमध्ये राहतात, त्यावर फक्त प्लेजची (गहाणाची) नोंद होते. काळजी करायचीच असेल तर ब्रोकरकडे पडून असलेल्या रोख रकमेची करा. तिला बँकेतल्या ठेवीसारखं ५ लाखांच्या विम्याचं संरक्षण नसतं. एक्सचेंजचा गुंतवणूकदार संरक्षण निधी आहे, पण त्यासाठी दावा करा, कागद जोडा आणि वाट पाहत बसा.

आता टिकण्याचं. २०१० मध्ये झिरोधा या ब्रोकरने टक्केवारी सोडून ऑर्डरमागे ठरावीक पैसे घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये डिलिव्हरी फुकट केली. मग सगळ्यांनाच त्या रांगेत उभं राहावं लागलं. फुकट डिलिव्हरीचा खर्च कोण भरत होतं? ऑप्शनमध्ये दिवसाला दहा ऑर्डर टाकणारे, म्हणजे तुम्ही. शिवाय आणखी एक छुपी कमाई होती. ब्रोकर तुमच्याकडून एक्सचेंजची फी वरच्या दराने घ्यायचे, स्वतः मात्र मोठ्या उलाढालीमुळे खालच्या स्लॅबने भरायचे आणि मधला फरक खिशात घालायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेबीने ते बंद केलं. त्याच दिवशी ऑप्शनवरचा एसटीटी (व्यवहारावरचा सरकारी कर) वाढला. नोव्हेंबरमध्ये साप्ताहिक एक्सपायरी (दर आठवड्याला संपणारे करार) एका एक्सचेंजला एकाच निर्देशांकावर आली आणि इंडेक्स कॉन्ट्रॅक्टचं किमान मूल्य १५ लाख झालं. उत्पन्नाला चहूबाजूंनी कात्री लागली. एंजल वनसारख्या मोठ्या कंपनीनेही १ नोव्हेंबर २०२४ पासून डिलिव्हरीवर ब्रोकरेज लावलं. तेव्हा तुमच्या ब्रोकरने पैसे घ्यायला सुरुवात केली, एवढ्यावरून तो बुडतोय असं म्हणता येत नाही. आज १० रुपये सांगणाराही उद्या दर वाढवेल, कारण त्याचं गणित काही वेगळं नाही.

ब्रोकर बुडण्याआधी विकलेही जातात. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१९ ला श्वाब या ब्रोकरने कमिशन शून्य करायचं जाहीर केलं आणि दोन महिन्यांच्या आत टीडी अमेरिट्रेड हा दुसरा ब्रोकर विकत घ्यायचा सौदाही केला. पुढच्या वर्षी ई-ट्रेड ही ब्रोकर कंपनी मॉर्गन स्टॅन्लीकडे गेली. अमेरिट्रेडच्या ग्राहकांच्या वाट्याला आलं ते नवं लॉगिन. तुम्हाला आत्ताच हलायचं असेल तर नव्या ब्रोकरकडे त्याच नावाने डिमॅट उघडा आणि जुन्याकडे खातं बंद करून शेअर वर्ग करण्याचा अर्ज द्या. खातं बंद करताना या वर्ग करण्याला फी लागत नाही.

झालं तुमचं उत्तर. आता न विचारलेलं.

दिवसाला १० ऑर्डर, महिन्याला २० दिवस, म्हणजे २०० ऑर्डर. ऑर्डरमागे १० रुपये वाचले तर जीएसटी धरून महिन्याला साधारण २,४०० रुपये. आता दुसरी बाजू. १२ लाखांचे ७.४ झाले, म्हणजे १४ महिन्यांत ४.६ लाख गेले. महिन्याला ३३ हजार. टॉप-अपचं व्याज महिन्याला ९ हजारांच्या आसपास. अल्गोचे ४ हजार. बेरीज ४६ हजार. पगार ८२ हजार. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, दुसरं काय म्हणू?

याला तुम्ही शिकण्याची फी म्हणता. फी भरून नेमकं काय शिकलात हे पत्रात कुठेच नाही.

वेगवान टर्मिनलने यातलं काहीही बदलणार नाही. तुमची ऑर्डर ब्रोकरच्या जोखीम-तपासणीतूनच एक्सचेंजला पोचते, जाहिरातीत कितीही ‘थेट’ लिहिलेलं असो. सौद्यात तुमच्यासमोर असलेल्या मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर एक्सचेंजच्याच आवारात असतात. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात याचा हिशेब आहे. २०२३-२४ मध्ये एफ अँड ओमध्ये (फ्युचर आणि ऑप्शन) प्रोप्रायटरी ट्रेडरांनी (स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांनी) सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, तेही खर्च वजा करण्याआधी आणि जवळजवळ सगळे अल्गोने. तेवढेच पैसे वैयक्तिक ट्रेडर आणि इतरांनी गमावले. तीन वर्षं मिळून ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, माणशी सरासरी २ लाख. लाखाच्या वर नफा काढणारे १ टक्का.

आणि तो तुमचा अल्गो! महिन्याला ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर. तुमच्या टॉप-अपच्या मुदतीत, १५ वर्षांत, १२ लाखांचे २४ कोटींच्या वर होतील. ज्याच्याकडे असलं यंत्र आहे तो चार-चार हजारांची वर्गणी गोळा करत फिरेल का? अल्गोच्या परताव्याचे असे दावे करणाऱ्यांशी ब्रोकरने संबंध ठेवू नये, असं सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलंय. हे विकणाऱ्यांना तुमच्या नफ्या-तोट्याचं सोयरसुतक नाही, त्यांची वर्गणी दोन्हीकडे चालूच राहते.

बँकेच्या अर्जात टॉप-अपचं कारण काय लिहिलंत? घरदुरुस्तीच असणार, सट्ट्यासाठी पैसे हवेत म्हटल्यावर कोणी दिले नसते. त्या कर्जाला तुमचं राहतं घर तारण आहे. ऑप्शन शून्यावर गेला तरी हप्ता १५ वर्षं चालू, हे ते पैसे ब्रोकरकडे वळवताना डोळ्यांसमोर होतं का?

या आठवड्यात सगळ्या पोझिशन स्क्वेअर ऑफ करा, म्हणजे उघडे सौदे मिटवा. ७.४ लाख बँकेत मागवा आणि टॉप-अपमध्ये भरा. साडेअकरा लाखांच्या आसपास मुद्दल बाकी असेल, ती ४.१ वर येईल. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. तुमच्या टॉप-अपलाही तेच लागू आहे ना, हे बँकेकडून लेखी घ्या. बँक बहुधा हप्ता कमी करून द्यायला बघेल. तसं होऊ देऊ नका, मुदत कमी करायला सांगा. आत्ताचा १२,२०० चा हप्ता तसाच ठेवलात तर सव्वातीन वर्षांत कर्ज संपेल. ‘तोटा भरून काढतो आणि मग थांबतो’ हे वाक्य मनात येईल. ४.६ लाख भरून यायला उरलेल्या रकमेवर ६२ टक्के मिळवावे लागतील, वरून व्याज वेगळं.

एक जाताजाता. पगारदार म्हणून तुम्ही आयटीआर-१ भरत असाल. एफ अँड ओचा तोटा हा व्यवसायातला तोटा असतो, त्याला आयटीआर-३ लागतो. पगारातून तो वजा होत नाही, पण रिटर्न मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. सीएला गाठा आणि ब्रोकरकडून टॅक्स पी अँड एल (नफा-तोटा) रिपोर्ट खातं बंद करायच्या आधी उतरवून ठेवा. नंतर लॉगिन राहत नाही. टर्म इन्शुरन्सचा उल्लेख पत्रात नाही. नसेल तर दोन्ही कर्जं फेडून घर चालेल एवढा तरी घ्या, आणि तो घेताना कोणी पैसे परत देणारी पॉलिसी पुढे केली तर उठून या.

अल्गोची वर्गणी यूपीआय ऑटोपेवर असेल तर ॲपमध्ये मँडेटच्या यादीत जाऊन ती आजच रद्द करा.