मुंबई सिटीची घसरण मधल्या फळीत सुरू झाली

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मुंबई सिटी एफसीच्या २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीग हंगामाविषयीची पत्रे बरीच होती, आणि ती सगळी तालुक्याच्या व खेड्यांच्या ठिकाणांहून आलेली होती. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांपैकी चार पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. मी स्वतः या संघाचा पाठीराखा आहे, त्यामुळे उत्तरे तटस्थ निरीक्षकाची नाहीत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मे २०२४ मध्ये कोलकात्यात जाऊन मोहन बागानला हरवणारा आणि करंडक आणणारा संघ पुढच्याच हंगामात सहाव्या क्रमांकावर कसा आला? प्रशिक्षक तेच, छांगटे तोच, बिपिन तोच. आमच्या गावातले सगळे जण बचावफळीला दोष देतात, आणि बेंगळुरूविरुद्धचा ०-५ हा निकाल पाहिल्यावर मलाही तेच पटते. आपले मत काय आहे? (एक वाचक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : प्रशिक्षक पेट्र क्रॅटकी तेच होते, परंतु संघ तोच नव्हता. ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेक मैदानावर अंतिम सामना ३-१ असा जिंकल्यानंतर त्याच उन्हाळ्यात चार महत्त्वाचे खेळाडू बाहेर पडले. मधल्या फळीतला अपुइया, म्हणजे लालेंगमाविया राल्टे, मोहन बागानकडे गेला, तर होर्हे पेरेरा दियाझ, अल्बर्तो नोगुएरा आणि राहुल भेके हे तिघे बेंगळुरूकडे गेले. या चारांपैकी दोघे भारतीय आणि दोघे परदेशी होते, आणि माझ्या मते खरे नुकसान अपुइयाच्या जाण्याने झाले.

बचावफळीचा प्रश्न आधी निकालात काढू. २०२२-२३ च्या हंगामात, डेस बकिंगहॅम प्रशिक्षक असताना, मुंबईने २० सामन्यांत ४६ गुण मिळवून साखळी फेरीत पहिला आल्याबद्दलची लीग शील्ड जिंकली होती (करंडक त्यानंतरच्या बाद फेरीतून ठरत असे). त्या वर्षी संघाने ५४ गोल केले आणि २१ स्वीकारले. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत २९ गोल केले आणि २८ स्वीकारले. स्वीकारलेल्या गोलांचे प्रमाण दोन्ही हंगामांत सामन्याला एकाहून थोडेसेच अधिक आहे. बदलले आहे ते केलेल्या गोलांचे प्रमाण, जे सामन्याला पावणेतीनच्या आसपास होते ते सव्वाच्याही खाली आले. म्हणूनच त्या हंगामात ९ विजयांच्या जोडीला ९ बरोबरी आहेत. पराभव अवघे ६ झाले, पण जे सामने पूर्वी जिंकले जात ते बरोबरीत सुटू लागले आणि ३६ गुणांवर गाडी थांबली. ज्या संघाची तटबंदी ढासळली आहे त्याचा हिशेब असा दिसत नाही. आघाडीपर्यंत चेंडू वेळेवर न पोहोचणाऱ्या संघाचा तो हिशेब आहे.

आता अपुइया नेमके काय करत असे, ते पाहू. तिरी किंवा मेहताब सिंग या बचावपटूंच्या पायातला चेंडू तो आपल्याच गोलकडे तोंड असताना घ्यायचा, पाठीवर प्रतिस्पर्धी असताना एका स्पर्शात वळायचा आणि समोरची फळी सावरण्याआधीच बगलेला पाठवून द्यायचा. हे काम टाळ्यांचे नाही आणि गोलांच्या यादीतही ते दिसत नाही, परंतु लालियानझुआला छांगटे हा ज्या प्रकारचा खेळाडू आहे त्याला यापेक्षा दुसरे काही लागत नाही. समोर वीस-पंचवीस मीटर मोकळी जागा मिळाली तर छांगटेला थांबवणारा बचावपटू या लीगमध्ये क्वचितच सापडेल; तोच चेंडू तीन सेकंद उशिरा आला, तर त्याच्यासमोर दोन माणसे उभी असतात आणि त्याला मागे वळून पास द्यावा लागतो. २०२४-२५ मध्ये छांगटे मंदावला, असे पुष्कळांनी म्हटले. मला ते मान्य नाही. त्याचा वेग होता तेवढाच होता, फक्त चेंडू उशिरा येत होता.

क्लबने जागा रिकामी ठेवली होती असेही नाही. गोव्याकडून ब्रँडन फर्नांडिस आला, परदेशी खेळाडूंत जॉन तोराल आणि जेरेमी मान्झोरो आले, आणि योएल व्हान निफ आधीपासून होताच. यांतला एकही खेळाडू कच्चा नाही. ब्रँडनचा शेवटचा पास आणि त्याच्या फ्री किक अजूनही देखण्या आहेत. मात्र तो पुढे राहून खेळणारा आहे, आणि तो पुढे गेला की मागे व्हान निफ एकटा पडतो. मग प्रतिस्पर्ध्याने परतवलेला चेंडू कोणाच्या वाट्याला जाईल याची शाश्वती राहत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको, की जोडीतला एक बैल विकून त्याच किमतीचा दुसरा आणला म्हणून तास सरळ निघत नाही, कारण दोघांची चाल जुळावी लागते. २०२२-२३ मध्ये अपुइया आणि अहमद जाहूह यांची चाल जुळलेली होती. नंतरच्या मधल्या फळीत नावे चांगली होती, पण अशी जोडी उभी राहिली नाही.

बेंगळुरूविरुद्धच्या त्या सामन्याविषयी एवढेच सांगतो, की ११ मार्च २०२५ रोजी बेंगळुरूच्याच कांतीरवा मैदानावर मुंबईने बेंगळुरूला २-० असे हरवून बाद फेरीत नेणारे सहावे स्थान पक्के केले होते, आणि २९ मार्चला त्याच ठिकाणी ०-५ असा पराभव पत्करला. अठरा दिवसांत बचावपटू निकामी होत नाहीत. बाद फेरीत सुरुवातीलाच गोल बसला, मग बरोबरी साधण्यासाठी संघाला पुढे सरकावे लागले, आणि पुढे सरकलेल्या संघाच्या मागे उरलेली जागा झाकणारा माणूस मधल्या फळीत नव्हता.

प्रश्न : माझे मत थोडे वेगळे आहे. ग्रेग स्टुअर्टसारखा परदेशी खेळाडू सोडणे ही क्लबची मोठी चूक होती. मैदानावर चारच परदेशी चालतात, तर ते चार उत्तमच हवेत. आपणास असे वाटत नाही का? (एक वाचक, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : स्टुअर्ट २०२२-२३ च्या आक्रमणाचा कणा होता, याबद्दल वाद नाही. परंतु तारखा पाहा. तो जानेवारी २०२४ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, मुंबई सोडून गेला आणि करंडक त्यानंतर मे महिन्यात आला. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोव्याविरुद्ध ०-२ असे मागे असताना अगदी अखेरच्या मिनिटांत आणि भरपाईच्या वेळेत तीन गोल करून मुंबईने तो सामना ३-२ असा जिंकला. त्यांतले दोन छांगटेचे आणि एक विक्रम प्रताप सिंगचा होता. अंतिम सामन्यात मुंबईला आघाडीवर नेणारा दुसरा गोल बिपिन सिंगने केला. २०२१ च्या अंतिम सामन्यातही ९० व्या मिनिटाचा विजयी गोल बिपिनचाच होता.

आपण चार परदेशी खेळाडूंचा उल्लेख केलात, आणि मला नेमके त्याच नियमाकडे लक्ष वेधायचे आहे. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू ठेवता येतात. त्याआधी ते पाच होते. म्हणजे अकरांपैकी किमान सात जण भारतीय असतात. चांगले परदेशी खेळाडू पैसे मोजले की जगभरातून मिळतात आणि प्रत्येक मोठा क्लब ते आणतो, त्यामुळे त्या चार जागांवर क्लबांमधले अंतर फार पडत नाही. अपुइयाच्या दर्जाचे भारतीय मध्यरक्षक मात्र देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यांतला एक गेला की बाजारात दुसरा मिळत नाही, शिवाय तो प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर नुकसान दुप्पट होते. मोहन बागानने हे ओळखले. विशाल कैथ, शुभाशिष बोस, मनवीर सिंग, लिस्टन कोलासो आणि त्यांत अपुइया, असा भारतीय गाभा जमवून त्यांनी २०२४-२५ मध्ये ५६ गुणांनी शील्डही जिंकली आणि करंडकही घेतला. जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात भरपाईच्या वेळेत त्यांना अंतिम फेरीत नेणारा गोल अपुइयाचा होता. मुंबईच्या पाठीराख्याला तो गोल पाहताना काय वाटले असेल, ते आपण जाणताच.

परदेशी खेळाडूंच्या निवडीत एका ठिकाणी मात्र मी आपल्याशी सहमत आहे. दियाझच्या जागी आलेला निकोलाओस कारेलिस चांगला गोल करणारा आहे. पण दियाझ चेंडू नसतानाही प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या मागे धावत असे, त्यांना घाईने चेंडू मारायला लावत असे, आणि तो घाईचा चेंडू मुंबईच्या मधल्या फळीच्या हाती लागत असे. आघाडीवीर निवडताना केवळ त्याचे गोल मोजले गेले की हे काम नजरेतून सुटते.

प्रश्न : २०२५ मध्ये बिपिन ईस्ट बेंगॉलकडे आणि मेहताब मोहन बागानकडे गेला. आता क्लबने कोणते खेळाडू घ्यावेत? आणि महाराष्ट्राच्या या संघात आमच्या विदर्भातला एखादा मुलगा का दिसत नाही? (एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. आधी बचावात्मक मध्यरक्षक घ्यावा, तोही भारतीय आणि वयाने तेवीसच्या आतला, आणि त्याच्याशी लांब मुदतीचा करार करावा. बगलेवरचे खेळाडू त्यानंतर पाहावेत.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. राहुल भेके मुंबईचा आणि अनिकेत जाधव कोल्हापूरचा, म्हणजे महाराष्ट्रातून खेळाडू येतच नाहीत असे नाही. नागपूर आणि कामठी येथे फुटबॉलची जुनी परंपरा आहे, पण त्या दोन गावांच्या बाहेर, आपल्या तालुक्यांत, मुलगा शालेय स्पर्धेचे दोन-तीन सामने खेळतो आणि त्याचे वर्ष संपते. छांगटे आणि अपुइया ज्या मिझोरामचे आहेत, त्या संपूर्ण राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ११ लाख होती. एकट्या वर्धा जिल्ह्याची १३ लाख होती. मुलांची संख्या आपल्याकडे कमी नाही. मिझोराममध्ये २०१२ पासून राज्याची स्वतःची प्रीमियर लीग आहे, तिचे सामने स्थानिक वाहिनीवर दाखवले जातात, आणि तिथल्या मुलाला बरोबरीच्या संघांविरुद्ध महिनोन्‌महिने खेळायला मिळते. क्लबचे निवडकर्ते जिथे सामने असतात तिथेच जातात. वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांनी दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत चालणारी तालुका संघांची साखळी स्पर्धा सुरू केली, तर निवडकर्त्यांना इकडे येण्याचे कारण मिळेल. तसे कारण आज आपण त्यांना देत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि मुलांचा संघ मीच बसवतो. संघात एकच मुलगा खऱ्या अर्थाने तयार आहे. सगळे म्हणतात त्याला पुढे खेळवा, गोल होतील. आपले लेखन वाचून मी त्याला मध्ये खेळवावे की काय, अशा विचारात आहे. (एक शिक्षक, मूल तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : गुरुजी, त्याला मध्येच खेळवा, पण पावसाळा आणि हिवाळा यांत फरक करा. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानावर चिखल असला की चेंडू जमिनीवर सरकत नाही आणि छोट्या पासचा खेळ तिथे अंगाशी येतो. त्या दिवसांत चेंडू लवकर पुढे टाकावा लागतो, आणि समोरच्या बचावपटूने तो परतवला की तो कोणाच्या पायाशी पडतो यावर सामना ठरतो. आपला तयार मुलगा अशा वेळी बचावफळीच्या थोडा पुढे उभा असेल, तर परतलेल्या दहा चेंडूंपैकी सहा-सात त्याच्याकडे येतील. पुढे उभा राहिला, तर त्याला चेंडूची वाट पाहत बसावे लागेल.

हिवाळ्यात मैदान टणक होते आणि चेंडू वेगाने सरकतो. तेव्हा त्याला बचावपटूंकडून चेंडू घ्यायला मागे येऊ द्या आणि दोन्ही बगलांवर आपली सर्वांत वेगवान मुले ठेवा, मग त्यांना चेंडू नीट अडवता येत नसला तरी चालेल. त्यांना एकच गोष्ट शिकवा, की मधल्याने मान वर केली रे केली की धावायला लागायचे.

एक अडचण आपल्याकडे नेहमीची आहे. धान कापणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत मुले शेतावर जातात आणि नेमका तोच मुलगा सामन्याच्या दिवशी येत नाही. म्हणून त्याच्या जोडीला आतापासूनच दुसरा मुलगा तयार करा, शक्यतो सातवी-आठवीतला, म्हणजे तो दोन वर्षे हाताशी राहील. सरावात त्याला मोठ्याच्या शेजारी खेळवा. एक पुढे गेला की दुसऱ्याने मागे थांबायचे, हा एकच नियम दोघांना घालून द्या आणि महिनाभर तो मोडू देऊ नका. गोलरक्षकालाही सांगून ठेवा, की चेंडू हातात आला की आधी या दोघांकडे पाहायचे आणि दोघेही मोकळे नसतील तरच लांब मारायचा.