‘क्षपण’ म्हणजे घट नव्हे

प्रश्न असा आहे: ऑक्सिजन गमावणं म्हणजे क्षपण (रिडक्शन), असं शाळेत शिकलो, मग इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) प्लॅटिनमवर ‘ऑक्सिजनचं क्षपण’ होतं म्हणजे ऑक्सिजनमधून ऑक्सिजन काढतात का?

नाही. इलेक्ट्रॉन मिळवणं म्हणजे क्षपण. शाळेतली व्याख्या चुकीची नाही, तोकडी आहे. मला खरा राग येतो तो ‘ऑक्सिजनची घट’ लिहिणाऱ्यांचा. घट पावसात होते, पगारात होते! आणि हिंदीतून ‘अपचयन’ उचलणाऱ्यांनी आपल्या ‘चयापचया’तला अपचय, म्हणजे शरीरातलं विघटन, आधी आठवावा, तो शब्द तिथे कामाला लागलेला आहे.

‘क्षपण’ हा फार देखणा शब्द आहे. धातू ‘क्षि’. पंचांगातल्या तिथीचा क्षय याच कुळातला. पण क्षय आपोआप होतो, क्षपण घडवून आणावं लागतं. ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकातला जीवसिद्धी क्षपणकाच्या, म्हणजे जैन साधूच्या, वेषात वावरतो. क्षपणक म्हणजे उपवास करणारा, असं काही कोशकार सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. जैन परंपरेत कर्मांचा क्षय करतो तो क्षपक. त्याची क्षपकश्रेणी, म्हणजे कर्मक्षयाची वाट, आठव्या गुणस्थानापासून (आत्म्याच्या प्रगतीच्या चौदा पायऱ्यांपैकी आठवीपासून) चढते आणि दहाव्यावरून अकरावं टाळून थेट बाराव्यावर जाते. उपशमश्रेणीवाला कर्म नुसतं दाबतो. तो अकराव्यापर्यंत पोचतो आणि तिथून घसरतो. क्षपणक याच क्षपकाचा भाऊ, असं माझं ठाम मत आहे.

आता ऑक्सिजनची श्रेणी बघा. ऑक्सिडीकरणांक, म्हणजे अणूने इलेक्ट्रॉन किती गमावले वा मिळवले याचा हिशेबी आकडा, ऑक्सिजन वायूत ०, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये −१, पाण्यात −२. क्षय होतो तो या अंकाचा, म्हणून शब्द चपखल बसतो. प्लॅटिनमवर ऑक्सिजन बहुतांशी चार इलेक्ट्रॉन घेऊन पाण्यापर्यंत जातो. आम्ल द्रावणात सोन्यावर मात्र तो मुख्यतः दोन घेऊन पेरॉक्साइडपाशीच थांबतो. पाऱ्यावर तर दोन्ही पायऱ्या कागदावर उमटतात. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ हेरोव्हस्की यांनी 1922 मध्ये थेंबथेंब गळणाऱ्या पाऱ्याच्या अग्रावर (इलेक्ट्रोडवर) पोलॅरोग्राफी, म्हणजे विद्युतदाब बदलत प्रवाहाचा आलेख काढण्याची पद्धत, सुरू केली. तिच्या आलेखात हवा लागलेलं द्रावण जवळजवळ सारख्या उंचीच्या दोन पायऱ्या दाखवतं. पहिली पायरी ऑक्सिजन ते पेरॉक्साइड, दुसरी पेरॉक्साइड ते पाणी. पहिल्या पायरीनंतर ऑक्सिजनचे दोन्ही अणू एकमेकांना धरून शाबूत असतात. घटलेलं काही नाही, दोन इलेक्ट्रॉन आले आहेत.