वाचकांचे प्रश्न : ओळख चोरीला जाते तेव्हा

ओळखचोरी आणि आर्थिक फसवणूक या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांचे वैयक्तिक तपशील वगळले असून मजकूर आवश्यक तेथे आटोपता केला आहे.

प्रश्न : बँकेतून बोलत असल्याचे सांगणाऱ्या गृहस्थांना माझे पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार अंकही ठाऊक होते. फोनच्या पडद्यावर क्रमांकसुद्धा बँकेचाच दिसत होता. मग खरा फोन ओळखायचा तरी कसा?

उत्तर : आलेला फोन खरा की खोटा हे बोलता बोलता ओळखण्याच्या भरीस पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ज्या तपशिलांमुळे विश्वास ठेवलात, त्यांपैकी एकही गुप्त राहिलेला नाही. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीतून (म्हणजे लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीतून) सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि ओळख क्रमांक बाहेर गेले. आपली माहिती कोणत्याही एका ठिकाणाहून फुटली नसेल, तरी चार ठिकाणांहून थोडी थोडी फुटून ती एकत्र जुळवली जाऊ शकते. कार्डाचे शेवटचे चार अंक तर पावत्यांवर छापलेले असतात. पडद्यावर दिसणारा क्रमांकही पुरावा ठरत नाही, कारण फोन करणाऱ्याला तो हवा तसा दाखवता येतो. समोरच्याला आपल्याविषयी माहिती आहे, यावरून तो कोण आहे हे ठरत नाही, एवढे पक्के धरले की पुढचे सोपे होते.

‘मी स्वतः बँकेला फोन करतो’ असे सांगून फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या कागदपत्रांवर छापलेल्या क्रमांकावर आपणहून संपर्क साधावा. त्यांनीच दिलेला क्रमांक वापरू नये, आणि इंटरनेटवर शोधून पहिला सापडेल तोही वापरू नये, कारण तेथे बनावट मदत क्रमांक मुद्दाम पेरलेले असतात. खऱ्या बँक कर्मचाऱ्याला आपण फोन ठेवल्याचा राग येण्याचे काही कारण नसते. जो ‘फोन ठेवू नका, पैसे आत्ताच जातील’ असा धोशा लावतो, त्याच्याविषयी वेगळी चौकशी करण्याची गरज उरत नाही.

राहिला प्रश्न ओटीपीचा. ‘संशयास्पद व्यवहार रद्द करण्यासाठी आलेला क्रमांक सांगा’ असे आपल्याला म्हटले गेले, असे आपण पुढे लिहिले आहे. वास्तविक तो माणूस आपल्याशी बोलत असतानाच दुसरीकडे आपल्या खात्यात शिरत असतो, आणि त्याचे अडते ते नेमके त्या सहा अंकांपाशी. म्हणून संदेशातील अंक वाचण्याआधी त्यातील वाक्य वाचावे; तो अंक कशासाठी पाठवला आहे, हे बहुतेक वेळा त्यात स्पष्ट लिहिलेले असते.

प्रश्न : दर महिन्याला सगळे पासवर्ड बदलण्याचा मला कंटाळा येतो. खरोखर इतके करणे गरजेचे आहे का?

उत्तर : नाही. ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, तो फुटल्याची चिन्हे दिसली तरच बदलायला लावावा, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. सक्तीने बदलायला लावले की माणसे जुन्याच पासवर्डाच्या शेवटी एक अंक वाढवतात, आणि चोरांनाही ते ठाऊक असते. त्यापेक्षा मोठा धोका एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्यात आहे. एखाद्या किरकोळ संकेतस्थळावरून फुटलेल्या ईमेल-पासवर्डाच्या जोड्या यंत्राकरवी बँका, ईमेल आणि खरेदीच्या संकेतस्थळांवर लावून पाहिल्या जातात. जेथे लागतात तेथे दार उघडते. म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवावा आणि ते लक्षात ठेवण्याचे काम पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपवर सोपवावे. आपला ईमेल पत्ता कोणत्या ज्ञात गळतीत सापडला आहे, हे ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेवर विनामूल्य तपासता येते.

सुरुवात मात्र बँकेपासून नव्हे, ईमेलपासून करावी. बाकीच्या बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलो’ हा निरोप ईमेलवरच येतो, त्यामुळे ईमेल हाती लागला की उरलेली खाती एकामागून एक ताब्यात घेता येतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट अवश्य पाहावी : आलेली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा किंवा बँकेची पत्रे लपवण्याचा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना? घुसखोर असा नियम लावून जातो आणि पासवर्ड बदलल्यानंतरही तो तसाच चालू राहतो. जेथे पासकीची, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनमध्ये साठवलेल्या किल्लीने आणि बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने खाते उघडण्याची, सोय असेल तेथे ती स्वीकारावी. पासकी ज्या संकेतस्थळासाठी तयार झाली त्याच्याशीच बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर आपण फसलो, तरी ती फसत नाही.

प्रश्न : फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि बराच वेळ आलेच नाही. यात घाबरण्यासारखे काही आहे का?

उत्तर : आसपासच्या इतरांचे नेटवर्क चालू असेल आणि फोन बंद करून चालू केल्यावरही आपले येत नसेल, तर दुसऱ्या फोनवरून आपल्या मोबाइल कंपनीला तत्काळ विचारावे. आपल्या नावाने कोणी दुसरे सिम कार्ड घेतले असेल, तर आपले बंद पडते आणि आपले सगळे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून भलतेच संदेश प्रसिद्ध झाले, तेही त्यांचा मोबाइल क्रमांक असा दुसऱ्याच्या हाती गेल्यामुळे. मोबाइल कंपनीकडे खात्यासाठी वेगळा पिन ठेवण्याची सोय असल्यास ती घ्यावी आणि शक्य तेथे संदेशाऐवजी ऑथेंटिकेटर ॲपमधून, म्हणजे आपल्या फोनवरच थोड्या थोड्या वेळाने नवा अंक तयार करणाऱ्या ॲपमधून, येणारा अंक वापरावा.

प्रश्न : आवाज आणि चेहरासुद्धा आता बनावट करता येतो, असे ऐकतो. मग डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?

उत्तर : पैशांच्या बाबतीत ठेवू नये. अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग येथील एका कर्मचाऱ्याने २०२४ च्या सुरुवातीला सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पंधरा हप्त्यांत भामट्यांच्या खात्यांवर पाठवले. त्याला वरिष्ठांच्या नावाने आलेल्या पहिल्या पत्राचा संशय आला होता, हे विसरता कामा नये. त्यानंतर व्हिडिओ बैठक झाली, ओळखीचे अधिकारी आणि सहकारी त्यात दिसले, आणि संशय मावळला. बैठकीतील इतर सगळे चेहरे बनावट होते. ज्या वाटेने संशयास्पद निरोप आला, त्याच वाटेने त्याची खातरजमा केली गेली, येथे सगळे बिनसले. मूळ पत्राला उत्तर न देता त्याने वरिष्ठांना नेहमीच्या क्रमांकावर फोन केला असता, तर पुढची बैठक झालीच नसती. घरच्यांपुरता एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, तो कोठेही लिहू नये, आणि अडचणीत सापडल्याचे सांगून पैसे मागणाऱ्या आवाजाला तो निःसंकोच विचारावा.

प्रश्न : ओळखपत्राची प्रत द्यावीच लागते, तेव्हा काय करावे?

उत्तर : प्रतीवर आडवी ओळ लिहून ती कोणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे नोंदवावे. ज्यांना केवळ वय किंवा पत्ता हवा आहे, त्यांना बाकीचे तपशील झाकलेली प्रत चालते का, हेही विचारावे.

प्रश्न : मी कधीही न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी मला पत्रे येत आहेत. काही पैसे भरून विषय मिटवावा का?

उत्तर : एक पैसाही भरू नये. थोडी रक्कम भरली, तरी कर्ज आपलेच असल्याची ती कबुली मानली जाऊ शकते. पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर लेखी हरकत नोंदवावी आणि अर्ज, सही तसेच पैसे जमा झालेल्या खात्याचा तपशील मागावा. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी, कारण पुढे प्रत्येक जण तीच मागतो. आपल्या देशात पतमाहिती कंपन्या असतील, तर त्या सर्वांकडून अहवाल मागवावेत. एक बनावट कर्ज उघडकीस येते, तेव्हा दुसरे बहुधा वाटेवर असते. काही देशांत आपला पत-अहवाल गोठवता येतो, म्हणजे आपण तो खुला करेपर्यंत नवा सावकार तो पाहू शकत नाही आणि कर्ज सहसा मंजूर होत नाही. अमेरिकेत ही सोय सप्टेंबर २०१८ पासून विनामूल्य आहे. कोणाशी, कोणत्या दिवशी, काय बोलणे झाले याची वही ठेवावी आणि फोनवर झालेले प्रत्येक बोलणे त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवावे.

आणखी एक सूचना, जी आपल्याला कोणी आपणहून देणार नाही. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. ‘तुमचे प्रकरण आमच्याकडे आले आहे, थोडे शुल्क भरा, नाव साफ करून देतो’ असे सांगणारा फोन येत्या काही आठवड्यांत येण्याचा संभव आहे. बोलणारा स्वतःला वकील, अन्वेषक किंवा सरकारी अधिकारी म्हणवेल, आणि आपल्या तक्रारीचा क्रमांकही कदाचित अचूक सांगेल. त्यालाही फोन ठेवण्यापलीकडे काही उत्तर देऊ नये.