फुकट मालिका, पण मध्ये किती जाहिराती!

प्रश्न : फुकटच्या अ‍ॅपवर मालिका बघताना एकच जाहिरात पुन्हा पुन्हा येते. नातू शेजारी असतो, तेव्हा नको ते दृश्यही येतं. यांच्यावर कुणाचा अंकुश आहे का? (एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, मी बरीच वर्षं जाहिरातींसाठी जागा विकत घेण्याचं काम केलं. मालिका थांबते त्या क्षणी तुमचं शहर, भाषा, फोनचा प्रकार एवढी माहिती जाहिरातीच्या त्या जागेच्या लिलावात जाते. डोळ्याचं पातं लवण्याआधी बोली लागते. दर ठरतो हजार वेळा दाखवण्यामागे. घेणारे कमी असले की तीच जाहिरात फिरत राहते. एकाच माणसाला ती किती वेळा दाखवायची याची मर्यादा घालता येते, पण पुष्कळजण ती घालत नाहीत. मला हे प्रेक्षकावर अन्यायाचं वाटतं.

टीव्ही वाहिन्यांना केबल नियमांनी तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. ती अ‍ॅपना लागू नाही. अ‍ॅपसाठी २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. कार्यक्रमावर ७+, १३+, १६+ असा वयोगट हवा, आणि १३+पासून पुढे पालकांना लावता येईल असं कुलूप. सेटिंगमध्ये ते आजच लावा. कार्यक्रमाची तक्रार अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा : पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. दृश्य जाहिरातीतलं असेल, तर मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे आस्कीकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत. स्क्रीनशॉट आणि वेळ मात्र जरूर जोडा.