शेअरचं राहू द्या, गाळ्याची पॉलिसी दाखवा

वागळे इस्टेटमध्ये डाय-मोल्डचा (साचे बनवण्याचा) गाळा चालवणाऱ्या एका ठाणेकर वाचकाचं पत्र आहे. वय ५२. जीआयसी री, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा उतरवणारी सरकारी कंपनी, तिच्या २०१७ च्या आयपीओत २०८ शेअर घेतले, बोनसनंतर ४१६ झाले. भाव ३८० च्या आसपास. ‘सरकारी कंपनी, देशातल्या प्रत्येक पॉलिसीत तिचा वाटा, बुडेल कशी? एफडी मोडून आणखी ५ लाख घालू का, म्हणजे ॲव्हरेज खाली येईल?’

नको. एफडीला हात लावू नका.

रिटेलची सवलत धरून शेअर ८६७ ला पडला, म्हणजे १ लाख ८० हजार गेले. तुम्ही लिहिलेल्या भावाने त्याचे १ लाख ५८ हजार. लाभांश मिळवला तर कसंबसं मुद्दल. हेच पैसे ७ टक्क्यांनी एफडीत असते तर ३ लाख झाले असते.

कंपनी बुडणार नाही हे मलाही मान्य आहे. पण न बुडणाऱ्या कंपनीचा शेअर वाढलाच पाहिजे असं कुठे आहे? १९७२ च्या राष्ट्रीयीकरणात १०७ विमा कंपन्यांच्या चार झाल्या (न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया) आणि त्यांच्या डोक्यावर जीआयसी बसली. २००० साली तिच्याकडे पुनर्विम्याचं काम दिलं, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा, आणि पुढे त्या चौघी वेगळ्या झाल्या. तुम्ही म्हणता तो वाटा खरा, जीवन विमा सोडून बाकीच्या विमा कंपन्यांना तो जीआयसीला सक्तीने द्यावा लागतो, पण एके काळी तो २० टक्के होता, आता ४ आहे. म्युनिक री, स्विस रीसारख्या परदेशी पुनर्विमा कंपन्यांना २०१६ च्या अखेरीपासून इथेच शाखांचे परवाने मिळाले. पीक विम्याचा मोठा भार घेतला आणि २०१९-२० मध्ये तोटा दाखवावा लागला. त्यानंतर नफा चांगला आला, पण तो मुख्यतः गुंतवणुकीच्या उत्पन्नातून. नुसत्या विम्याच्या धंद्यात वर्षानुवर्षं हप्त्यापेक्षा दावे आणि खर्चच जास्त. शिवाय ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा सरकारकडे आहे आणि नियम जास्तीत जास्त ७५ चा. २०२४ मध्ये सरकारने काही शेअर ३९५ ला विकले, आणखी विकावे लागतील. आहेत ते ठेवा किंवा विका, माझी हरकत नाही. भर घालू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: ‘गाळ्याचा विमा बँकेने २०१६ मध्ये कर्जाबरोबर काढलाय, ६० लाखांचा, दरवर्षी आपोआप रिन्यू होतो. मशिनरी आता दीड कोटीची आहे. शिवाय बँकेतल्या मॅडमनी वर्षाला दीड लाखाची गॅरंटीड पॉलिसी दिलीय, ती धंद्याला काही झालं तर उपयोगी पडेल.’

ती उपयोगी पडणार नाही. ती तुमच्या आयुष्याची पॉलिसी आहे, तिला मशीनशी देणंघेणं नाही. परतावा बहुधा साडेपाच टक्क्यांच्या आत, आणि कव्हर पंधरा लाख! हे ‘धंद्याची सुरक्षा’ म्हणून विकणाऱ्याला काय म्हणावं? चार हप्ते गेलेत. सरेंडर केली (आताच मोडली) तर किती आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून तशीच ठेवली) तर किती, दोन्ही आकडे लेखी मागवा. नुसता टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, वेगळा घ्या.

आता आगीचा विमा. दीड कोटीचा ऐवज आणि विमा ६० लाखांचा. उद्या शॉर्टसर्किटने ५० लाखांचं नुकसान झालं तर तुम्हाला वाटतं ५० मिळतील. मिळतील २०. विमा ४० टक्केच घेतलाय, म्हणून दावाही ४० टक्केच. ५ कोटींपर्यंतच्या ऐवजाला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी असते, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते. तुमची साठ टक्के आहे. थोडक्यात, ९० लाखांची विमा कंपनी तुम्ही स्वतःच चालवताय, तीही हप्ता न घेता. जीआयसीसुद्धा आपली जोखीम पुढे दुसऱ्या कंपन्यांकडे वाटून टाकते.

आणि त्या २० लाखांवर आधी बँकेचा हक्क.

तुम्ही असंही लिहिता की पावसात गाळ्यात घोटाभर पाणी येतं आणि माल बराचसा पार्टीचा (गिऱ्हाइकाचा) असतो. पूर कव्हरमध्ये आहे का ते पॉलिसीत वाचा. पार्टीचे डाय आणि स्टील तुमच्या ताब्यात आहेत, पण मालकीचे नाहीत. पॉलिसीत तसं लिहून घेतलं नसेल तर नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर ते बाजूला काढेल आणि पार्टी तुमच्याकडे पैसे मागेल. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचं पॅनल आतून जळलं तर आगीची पॉलिसी चालेलच असं नाही, त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउनची वेगळी लागते.

मशीनची आजच्या बाजारभावाने नवी घेतल्यास पडेल ती किंमत, वायरिंग आणि माल, अशी यादी करा. बँकेच्याच कंपनीकडून आणि आणखी दोघांकडून कोटेशन घ्या. हप्ता तुमच्या त्या दीड लाखाच्या तुलनेत फार कमी असेल. बँक म्हणेल आमच्याकडूनच घ्या; पुरेशा रकमेचा विमा हवा एवढंच त्यांना मागता येतं, कंपनी तुम्ही निवडायची. रिन्यूअलची वाट पाहू नका, चालू पॉलिसीतच रक्कम वाढवून घ्या. जूनच्या आधी.